उम्म अल कुवैनच्या खाडीवरचा माझा चक्रवाक

माझ्या मराठीच्या वर्गात शेवटी एकच विद्यार्थिनी उरली, आणि तीही माझी नात. इथे आखातात, अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दर शनिवारी मी मुलांकडून कविता पाठ करून घ्यायचो. एकेक करत पोरं फुटबॉल, कराटे, कोडिंग अशा उच्च कलांकडे वळली. जानेवारीत अकरा वर्षांच्या इरानेही नोटीस दिली. सूनबाईंनी मध्यस्थी केली: आजोबांबरोबर एक दिवस जायचं; आवडलं तर जूनपर्यंत वर्ग, नाहीतर खलास.

मी पक्षी निवडले. आमच्या शाळेतल्या कविता हंस, चातक, चक्रवाकांनी गच्च भरलेल्या होत्या. बाई चाल लावून म्हणायच्या आणि गिरगावातल्या त्या अंधाऱ्या वर्गाचं तळं व्हायचं. ते पक्षी उघड्यावर दाखवले की पोरगी विरघळेल, असा माझा बेत.

आमच्या मराठी मंडळाची पक्षी बघायची सहल रविवारी होतीच. पुढारी सुबोध, कुठल्याशा कंपनीत परचेस मॅनेजर. त्याच्या लेन्सला गाडीत वेगळी सीट लागते. गेल्या हिवाळ्यात हा गृहस्थ ऑस्लोला उणे बारा अंशांत पक्षी बघून आला, आणि तेव्हापासून ऑस्लो त्याच्या तोंडातून उतरलेलं नाही. वाटेत त्यानेच सांगितलं की तिकडचे कितीतरी पक्षी थंडी चुकवायला इकडे येतात. म्हणजे पक्षी तिकडून पळून येतात आणि सुबोध पैसे भरून तिकडे जातो. दोघांत शहाणं कोण, हे मी विचारलं नाही. गाडी त्याची होती.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: पावणेसहाला निघालात तर शेख मोहम्मद बिन झायेद रोडने पाऊण तासात पोचाल. ओहोटीची वेळ बघून जा. बूट जुने घाला, चिखल घोट्यापर्यंत येतो. खाडीआधीच्या टपरीवर करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा, दोन दिरहम, म्हणजे जवळजवळ पन्नास रुपये, असं मी मोठ्याने म्हणालो आणि इराने डोळे फिरवले.

टपरीवर हमीदभाई भेटले. मूळचे रत्नागिरीचे, हमरिया फ्री झोनमध्ये तीस वर्षं दोरखंड आणि जाळ्यांचा धंदा, घर इथेच. खाडीची वाट ते दाखवणार होते.

उजाडताना खारफुटीपलीकडे रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, गुलाबी, एका पायावर. आमच्या मंडळींनी त्याच्याकडे दोन सेकंद पाहिलं आणि मग सगळ्यांनी तो मोबाइलच्या ॲपमध्ये शोधला. सुबोध आकडे सांगत होता, बाकीचे टिपून घेत होते. मालाची आवक तपासावी तसं चाललं होतं. इरा जांभई देत होती.

एवढ्यात खाडीच्या दोन्ही काठांवरून दोन पक्षी एकमेकांना साद घालू लागले. एक अलीकडे, एक पलीकडे, आणि आवाज असा की काळजाला घरं पडावीत. मी हात वर केला. सगळ्यांना गप्प केलं. म्हटलं, हेच ते चक्रवाक. शापामुळे रात्रभर दोन तीरांवर ताटातूट, आणि पहाटे हा आक्रोश. ओळी आपोआप ओठांवर आल्या. सुबोधने धडाधड फोटो काढले. आणि इरा, जिने सहा महिन्यांत वर्गात एक प्रश्न विचारला नव्हता, ती म्हणाली, "आजोबा, हू कर्स्ड देम?"

मी जिंकलो होतो. दहा मिनिटं तरी.

हमीदभाई खाकरले. "मास्तर, रागवू नका. ही टिटवी आहे. आमच्या शेतात ढिगानं असायची."

"पण हा आक्रोश?"

"रडत नाही ती. आपल्याला हाकलतेय. माणूस दिसला की ओरडते."

सुबोधने ॲप लावलं. टिटवीच निघाली. त्यानेही तिचे चाळीस फोटो न ओळखताच काढले होते, पण लाज मात्र एकट्या माझ्या वाट्याला आली. संस्कृत काव्यपरंपरेचा आधार घेऊन मी आणखी अर्धा तास भांडू शकलो असतो. इरा बघत होती, म्हणून खरं सांगितलं: चक्रवाक मी आयुष्यात पाहिलेला नाही. परीक्षेत तो दिसतो कसा, हे कुणी विचारलंच नव्हतं.

"नेव्हर? बट यू टीच इट."

पुढे बराच वेळ मी सगळ्यांच्या मागे चाललो. पुढे हमीदभाई आणि बूट हातात घेतलेली इरा, दोघं चिखलात. खंड्या. सुरय. कुरव. शेपूट हलवत चालणारा तो तुतवार. हमीदभाई नाव सांगायचे, पक्षी काय खातो ते सांगायचे. ती पुन्हा म्हणायची, चुकायची, पुन्हा म्हणायची. दुपारी त्यांच्या घरी भाभींनी तळलेली इथली शेरी मासळी आणि तांदळाची भाकरी वाढली. असं जेवण पैसे देऊन मिळत नाही.

परतताना शारजाच्या ट्रॅफिकमध्ये मी वर्गाचं विचारून टाकलं. इरा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मराठी शिकणार. हमीदचाचांकडे."

"आणि मी?"

"आजोबा, ही हॅज सीन देम."

वर्ग बंद झाला. शनिवारी आता मी खुर्च्या मांडत नाही. कविता सगळ्या पाठ आहेत, फक्त म्हणताना मध्येच अडखळतो: हा पक्षी केवढा असेल, पाय कुठल्या रंगाचे? रविवारी इराला उम्म अल कुवैनला न्यायला कुणीतरी लागतं, म्हणून मी जातो आणि मागे उभा राहतो. परवा हमीदभाईंनी चिखलातल्या एका पक्ष्याकडे बोट दाखवलं आणि नाव मला विचारलं. मला आलं नाही. इराने थोडी वाट पाहिली, मग दुर्बीण माझ्या हातात दिली आणि मराठीत म्हणाली, "असू दे, आजोबा. आधी नीट बघा, मग सांगा."