बिनदाराची खोली

अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्यावाणी सरळ भिंत उचलणारा गवंडी न्हाई. मांजरसुंब्याला तर इतकी सरळ उचलली की मीच आत ऱ्हायलो.

तिथल्या एका धाबेवाल्याला सामानाची खोली पायजे होती. खिडकी न्हाई, नुसतं दार. "हे नीट झालं तर लॉजच्या दहा खोल्याबी तुमालाच," म्हणला. दहा खोल्या म्हंजी यंदा ऊस तोडायला जायचं काम न्हाई.

दोन भिंती माझ्या, दोन माझ्या साडूच्या. आमचा तीन वर्सं अबोला. त्याच्या पोरीच्या लग्नात मला आहेराची टोपी बसली न्हाई. वाटलं, मुद्दाम बारकी आणली. कामावर आमी माझ्या बायकोच्या तोंडून बोलायचो. ती आमच्या मधी माल कालवायची. साडू दोन हातांवर असला तरी मी तिलाच म्हणायचो, "त्यांना म्हणावं, ओळंबा द्या, भिंत सरळ हाय का बघतो." मग तो द्यायचा.

बायको दोन दिवस माहेरी शिरूरला गेली आन् निरोप बंद पडले. मला वाटलं, दार त्याच्या भिंतीत. त्याला वाटलं, माझ्या. त्याच्या भिंतीकडं मी बघायचोच न्हाई. अबोला म्हंजी नजरबी न्हाई. दुसऱ्या दिशी तर मी छातीएवढ्या भिंतीवरून उडी मारून आत गेलतो. म्हणलं, दारातनं जावं तर त्याचं तोंड दिसंल. दाराची लोखंडी चौकट भायेर लिंबाला टेकून. साडू तिच्यावर टावेल वाळू घालायचा.

दुपारच्याला शेवटची वीट बसली. चहाला निघालो, चारी भिंती चाचपल्या. परत परांचीवर चढून भायेर खाली बघितलं तर दहा फूट. शिडी साडूपाशी. मधी नुसती धाब्याची शेळी.

"ए शेळे," मी म्हणलं, "त्यांना म्हणावं, शिडी लावा."

"शेळे, त्यांना म्हणावं, दारातनं या की."

"दार त्यांच्या भिंतीत हाय, शेळे!"

"न्हाई शेळे, त्यांच्या!"

शेळी टावेल खात होती.

तेवढ्यात जीपमधून बायको उतरली. धाबेवालाबी आला. त्यानं खोलीला एक चक्कर मारली, मग उलटी एक.

मी वरून हात जोडले. "मालक, भिंत ओळंब्यात हाय. लॉजचं कसं?"

"लॉजचं काम या बाईला दिलं. हिच्याबगर तुमाला दारबी सुचंना. तुमी दोघं हिच्या हाताखाली."

मला तर बरंच वाटलं. बायकोला म्हणलं, "मग निरोप द्यायला मी हाय की!"

तिनं छन्नी वर फेकली.

"निरोपाला शेळीच बरी. ती निदान ऐकून तरी घेती. तुमी दार फोडा."