लाल दोऱ्याचा लखोटा

हणमंताला सरळ जेवताच यायचं नाही. सांगलीच्या आमच्या वसतिगृहात ताट समोर आलं, की आधी वार्तांकन. "आचाऱ्यानं सलामी दिली. रेक्टर सावध. पहिल्याच मिनिटाला चमचा आमटीत उतरला, पण डाळीनं बगल दिली, चमचा रिकामाच वर!" आम्हाला ठसका लागायचा, आचारी लाटणं घेऊन धावून यायचा आणि हा पठ्ठ्या डाव्या हातानं एस.टी.च्या तिकिटामागे सगळं टिपून घ्यायचा. मग जेवायचा. तोवर भाकरीची चामडी झालेली असायची.

मी त्याचा खोलीतला जोडीदार आणि कॉलेजातला पहिल्या नंबरचा बोलघेवडा. कुठलाही सामना बघून आलो, की दारातूनच ओरडायचो, "आपण जिंकलो!" त्यावर तो कानांवर हात ठेवायचा. "निकाल नगं सांगू रं. निकाल कुणीबी सांगतंय. डाव सांग."

तो विट्याकडच्या एका खेड्यातला. मामाचं मद्रासला सोनं गाळायचं दुकान होतं आणि त्या भट्टीपुढे बसायला भाचा हवा होता. भाच्याला मात्र वर्तमानपत्राचं शेवटचं पान हवं होतं. सांगलीतल्या एका दैनिकाकडे त्यानं नऊ बातम्या दिल्या. कबड्डीच्या, खो-खोच्या, एक तर नदीतल्या पोहण्याच्या शर्यतीची. एकही छापून आली नाही. रोज सकाळी चहाच्या टपरीवर तो अंक शेवटच्या पानापासून वाचायला लागायचा आणि दुसऱ्याच मिनिटाला घडी घालून ठेवायचा. नवव्या वेळी त्यानं घडीसुद्धा घातली नाही. "गड्या, माझं डोळं चुकीचं हायती का रं?" असं विचारलं. मी नक्कल करून हसवायला गेलो. तो हसला नाही.

शेवटी संपादकांना दया आली की कंटाळा, कोण जाणे. ते म्हणाले, "रविवारी तुझ्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचं मैदान आहे. सोमवारच्या अंकात बातमी लागली, तर खेळाच्या पानावर घेतो तुला. नाही लागली, तर पुन्हा जिना चढू नकोस." इकडे मामाही सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, "सोमवारी पेपरात तुजं नाव दिसलं तर ऱ्हा हितं. न्हाईतर मंगळवारच्या गाडीनं माझ्यासंगं."

आता खरी अडचण ऐका. जत्रेतली मोठी कुस्ती सगळ्यांत शेवटी, दिवस कलताना लागते. आणि सांगलीची शेवटची एस.टी. सुटते साडेपाचला. बातमीचं पाकीट तिच्या कंडक्टरच्याच हाती द्यायचं असे. कुस्ती पाहून मग लिहायला वेळ उरणार नव्हता, म्हणून हणमंतानं आदल्या दिवशीच मोठ्या कुस्तीच्या दोन बातम्या लिहून ठेवल्या. गावचा पोरगेला पैलवान जिंकला तर लाल दोऱ्याचा लखोटा, कराडचा नामांकित मल्ल जिंकला तर पांढऱ्या दोऱ्याचा. दोन्ही घेऊन मी थांब्यावर उभं राहायचं. तो समोर दिसणाऱ्या आखाड्याच्या बांधावरून त्या रंगाचा टॉवेल हलवणार.

"आणि कुस्ती सुटली तर? दोघंही बरोबरीत?" मी विचारलं.

"जत्रंच्या दिवशी निकालाबिगर गाव उठंल व्हय?"

गाव उठलं. पोरानं त्या डोंगराएवढ्या मल्लाला अर्धा तास दाद दिली नाही. मग पंचांनी दोघांचे हात वर केले आणि बरोबरी जाहीर केली. गावाला तोच विजय! हलगी कडाडली, शेकडो फेटे आभाळात उडाले. त्या गर्दीत मला लाल टॉवेल हलताना दिसला, आणि मी लाल लखोटा दिला. निदान आजवर मी सगळ्यांना असंच सांगत आलो.

सोमवारी हणमंताचं नाव छापून आलं. पहिल्यांदा आणि शेवटचं. गावच्या पैलवानानं कराडच्या मल्लाला चितपट केल्याची ती बातमी होती. दुपारी कराडच्या तालमीतले चौघे छापखान्यात येऊन उभे राहिले. संपादकांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"मैदान व्हायच्या आधीच बातमी लिहिलीस?"

हणमंतानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हय. म्याच लिवली."

त्या संध्याकाळी तो बरोबरीची खरी बातमी लिहून पुन्हा त्या जिन्याशी गेला. संपादकांच्या हुकमावरून शिपायानं वर सोडलं नाही. दिवे लागेपर्यंत तो खालच्या पायरीवर कागद धरून बसला. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होता, "आवं, येवढं वर देता का? नाव नगं घालू म्हणावं. खरं काय झालं तेवढं छापा." कुणी घेतलं नाही. मामा मात्र सोमवारचा अंक पिशवीत घालून म्हणाला, "नाव आलंय की! आता हितं काय ऱ्हायलं? चल माझ्यासंगं."

मंगळवारी मिरज स्टेशनात गाडी हलायला लागली, तेव्हा हणमंत खिडकीशी वाकला. "निकाल मला ठावं हाय, गड्या. डाव सांग."

मी, ज्याच्या तोंडाला झाकण नाही असा मी, म्हणालो, "पोचल्यावर पत्र टाक."

पत्रं आली. दर कार्डावर एक सामना: गल्लीतल्या पोरांचा फुटबॉल, दुकानातल्या गड्यांची रस्सीखेच. खोकला वाढल्याचं कधीतरी कोपऱ्यात. मी उत्तरात पाऊसपाणी कळवत राहिलो. गेल्या वर्षी त्याच्या मुलाचं कार्ड आलं, त्यात सामना नव्हता. चार ओळी होत्या. हणमंत गेला.

तर हणमंता, डाव ऐक. टॉवेल हललाच नव्हता. बांधावर तू दोन्ही टॉवेल खाली सोडून उभा होतास आणि 'नको, नको' अशी मान हलवत होतास. मला स्वच्छ दिसत होतं. पण दुपारी मी दोन्ही लखोटे चोरून वाचले होते. पांढऱ्यात तू नुसता निकाल लिहिला होतास. लाल वाचताना माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. तसं कुणी लिहीत नव्हतं रे आपल्याकडे. काहीच गेलं नसतं, तर मंगळवारी मामा तुला घेऊन जाणार होता. कंडक्टरनं घंटी मारली. तू मान हलवत होतास.

मी लाल दिला.