परवानगी मागितलीच कशाला?

फिलोमिना आंटींनी अंगठा मशीनवर टेकवला आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सोसायटीचे सेक्रेटरी सामंत. आंटींनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि अंगठा पदराखाली घेतला.

"बाय, आज नको. ते एनओसी देत नाय म्हणतात."

मुलुंड पश्चिमेच्या एका गल्लीतला दुसऱ्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट. खिडकीला खेटून सोनमोहर, बाल्कनीभर पिवळा सडा, आणि दुपारी बारा वाजताही तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकू येईल इतकी शांतता. भाडेकरू होणार होती स्मिता परब. स्टाफ नर्स, राहायला गोवंडीला, डम्पिंग ग्राउंडच्या वाऱ्यात. तिच्या वडिलांना, आप्पांना, दम्याचा त्रास. फुप्फुसाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, औषधं वाढवून उपयोग नाही, घर बदला. तिने चार महिने घरं पाहिली. कुठे "फॅमिली हवी", कुठे "मच्छी चालत नाही".

माझं काम असं: एका वकिलाच्या ऑफिसात मी भाड्याचे करार रजिस्टर करते. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे ठरावीक मुदतीपुरतं घर वापरायला देणं, हक्क मालकाचाच राहतो. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आम्ही घरीच जातो. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, सगळ्यांचे ठसे आणि फोटो, झालं. उरलेल्या वेळात मी भाडेकरूंसाठी पत्रकं लिहिते आणि बाजारात उभी राहून वाटते. ताज्या पत्रकाचं नाव होतं 'कमिटी म्हणजे तुमची सासू नाही'.

तर एनओसी, म्हणजे सोसायटीचं ना-हरकत पत्र, का नाही, हे मी आंटींना विचारलं. सामंतांचं म्हणणं, बाई नाइट ड्युटीला जाते, रात्रीबेरात्री गेट उघडावं लागेल. शिवाय मासळीचा वास.

"मी इथे आठ वर्षं बोंबील तळले," आंटी म्हणाल्या. "तेव्हा याच सामंताला डब्यातून पाठवायचे मी."

पण त्या घाबरल्या होत्या. त्या राहतात अंधेरीला, मरोळच्या गावठाणात. इथे एकट्या बाईचा बंद फ्लॅट. उद्या पाणी गळलं, लाइट गेली, तर काम याच लोकांशी.

 स्मिता बाल्कनीत पाहत होती. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, पंप खिशात, हात मांडीवर. अर्धा तास झाला होता आणि ते एकदाही खोकले नव्हते.

"हयसर वारो बरो आसा गो," ते म्हणाले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं.

माझं डोकंच सणकलं. ज्या बाईने रात्रभर जागून लोकांची आजारी माणसं सांभाळायची, तिला त्याच कारणासाठी घर नाही? पत्रकांचा गठ्ठा उचलला, आंटींना आणि स्मिताला घेतलं आणि खाली सोसायटी ऑफिसात शिरले. सामंतांना सांगितलं, घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. सभासदाने फक्त कळवायचं असतं.

सामंत शांतपणे माझं पत्रक वाचत बसले. मग फाइल उघडून त्यांनी एक कागद माझ्यासमोर सरकवला.

"हे पत्र तुमच्याच ऑफिसातून आलंय ना? 'सदर फ्लॅट भाड्याने देण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.' तुम्ही मागितली, आम्ही नाकारली. आता कशाला भांडताय?"

वाट लागली. पत्र माझंच होतं. तीन वर्षं मी तोच फॉरमॅट काढत होते, फक्त नावं बदलून. बाजारात बोंबलायचं की परवानगी लागत नाही, आणि ऑफिसात बसून दर आठवड्याला तीच मागायची. आधी कुणी नाकारली नव्हती, म्हणून लक्षातच आलं नव्हतं.

बाहेर येऊन साळवी सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, फोन केला.

"फॉरमॅट माझ्या आधीच्या क्लार्कचा आहे," ते म्हणाले, "पण डोळे तुझे आहेत ना? मागे घे ते पत्र. नवीन दे. विनंती नाही, माहिती. आणि पोच घे."

पोच म्हणजे पत्र मिळाल्याचा सही-शिक्का. माझ्याकडे कोरा कागद नव्हता. पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं: आधीचं पत्र मागे घेत आहे. माझा फ्लॅट स्मिता परब यांना देत आहे, हे कळवते. पेन आंटींकडे दिलं. सही त्यांचीच लागणार होती.

आंटींनी पेन हातात धरून ठेवलं. मग स्मिताला विचारलं, "पापाला तुझ्या आवडलं काय घर?"

"चार महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसलेत, आंटी."

आंटींनी सही केली, ठसठशीत, आणि आत जाऊन कागद स्वतःच्या हाताने सामंतांच्या टेबलावर ठेवला.

सामंत म्हणाले, असलं पत्र घेता येणार नाही.

"मग तसं लेटरहेडवर लिहून द्या," मी म्हणाले. "बाई नर्स आहे, रात्री कामाला जाते, म्हणून घेत नाही. खाली तुमची सही."

त्यांनी लेटरहेडचं पॅड जवळ ओढलं. पेनचं टोपण काढलं. 'बाई नर्स' इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. लिहिलेलं वाचलं. पान फाडलं, खिशात घातलं आणि ड्रॉवरमधून शिक्का काढला. शिक्का मारून सही केली आणि मी लगेच मोबाइलवर त्या पोचेचा फोटो काढून घेतला.

आम्ही तिघी जिना चढलो ते जवळजवळ पळतच. साक्षीदारांचे ठसे आधीच घेऊन झाले होते, आंटींचा पहिल्या फटक्यात आला. स्मिताचा येईना. सॅनिटायझरने नर्सच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, हे मला त्या दिवशी कळलं. अंगठा केसांवर घास, कपाळाला लाव, पुन्हा दाब. आप्पा बाल्कनीतून मोठ्याने मोजत होते. नवव्या वेळी हिरवा दिवा लागला आणि आंटींनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सामान आलं. गेट रात्री वॉचमन उघडतो, त्याचं ते कामच आहे.

मी ऑफिसातला फॉरमॅट करार झाला त्याच संध्याकाळी डिलीट केला. पत्रकाच्या पुढच्या बाजूला मी 'घाबरू नका' असं छापायचे, ते तसंच ठेवलंय. मागची बाजू आता कोरी नसते. तिथे कळवण्याच्या पत्राचा नमुना छापलाय. त्यात 'विनंती' हा शब्द नाही.