पाडव्याच्या केरसुण्या

विनोदिनीबाईंनी आयुष्यात स्वतःचं काही टाकलं नाही आणि दुसऱ्यांनी टाकलेलं सोडलं नाही. एकतीस वर्षं साताऱ्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली, म्हणजे फळ्यावर आंबे आणि मोर काढले. निवृत्त झाल्या त्याच आठवड्यात मंगळवार पेठेतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिली मूर्ती उभी केली. कुकरची फुटकी झाकणं, सायकलच्या रिमा, जळलेल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्या. बाईंचं डोकं फिरलं, असं लोक म्हणाले. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि भंगारवाल्याकडून आणखी दोन पोती आणली.

शहाण्णव सालच्या दिवाळीत मात्र त्यांनी नको तिथं हात घातला. पाडव्याला पहाटे बायका जुन्या केरसुणीनं घर झाडतात, केर फुटक्या सुपात भरतात आणि ‘इडा पिडा टळो’ म्हणत केरसुणीसकट बोळाच्या टोकाला टाकून येतात. उंबरा ओलांडला की टाकेपर्यंत मागं वळायचं नाही, एवढा एकच नियम. त्या पाडव्याला नगरपालिकेची गाडी यायच्या आत विनोदिनीबाई हातगाडी घेऊन गेल्या आणि त्रेपन्न केरसुण्या उचलून आणल्या. लपूनछपून नव्हे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

सांगलीच्या एका कलामंडळानं त्यांना मार्गशीर्षातल्या प्रदर्शनात जागा दिली होती. एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच कुणी पत्र पाठवून बोलावलं होतं. त्यांच्या डोक्यात सात फुटी बाईची मूर्ती होती. खिळा नाही, वेल्डिंग नाही, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी केरसुणीला केरसुणी बांधायची.

कामाला येणारी सुलाबाई शेडच्या दारातच थबकली. “आवं बाई, लोकांनी भाईर काडल्याली पीडा तुमी पदरात घेतली? आन् घरात सून अशी!”

“शिंदीची पानं आहेत ती, सुलाबाई. भांडी घास.”

सुलाबाईनं भांडी घासली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

सून म्हणजे ज्ञानदा. गेल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिचं मूल गेलं होतं. यंदा पुन्हा सहावा लागला होता. नवरा सौमित्र फलटणच्या साखर कारखान्यात, शनिवारी येणारा, त्यामुळे घरात या दोघीच. पाडव्यापासून ज्ञानदा शेडकडचं मागचं दार लावून घेऊ लागली. आधी नुसती कडी, मग कडीत लाकडी खुंटी. गुरुवारच्या हळदीकुंकवाला शेजारणी तिला बोलवेनाशा झाल्या. पाय सुजले म्हणून डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं. सुजतातच पाय, विनोदिनीबाईंनी मनाला सांगितलं, माझेही सुजले होते. पण खरंच सुजले होते का, ते काही केल्या आठवेना.

मूर्ती सांगलीला न्यायला टेम्पो यायच्या आदल्या दुपारी ते दार उघडलं. ज्ञानदा शेडमध्ये आली आणि मूर्तीला एकदा वरपासून खालपर्यंत बघून तिनं मूर्तीच्या कमरेची लाल चिंधी सोडली. आत निळ्या नायलॉनच्या दोरीची गाठ होती. सौमित्रनं मारलेली. गेल्या वर्षी डॉक्टरांनी वाकू नको म्हटलं, तेव्हा त्यानं याच केरसुणीला लांब बांबू बांधून दिला होता. तरी जे व्हायचं ते झालंच.

“ही मी टाकली होती, आई,” ज्ञानदा म्हणाली. “मी स्वतः चालत जाऊन टाकली होती.”

“बांबू सरळ होता.”

बोलून गेल्या, पण ते त्यांचं त्यांनाच ऐकवेना. ती चिंधी काय आपोआप आली होती? गाठ ओळखली, म्हणूनच त्यांनी ती झाकली होती.

“काढा ती.”

तो बांबू मूर्तीचा कणा होता. तो काढायचा म्हणजे सांगली संपली. विनोदिनीबाई सुनेच्या पायांकडे बघत राहिल्या. चपलेच्या अंगठ्यात बोट आता बसत नव्हतं. मग त्यांनी कात्री घेतली आणि एकेक पट्टी कापली. मूर्ती आधी खांद्यातून वाकली, मग दमलेल्या बाईसारखी खाली बसली. त्रेपन्न घरांची धूळ शेडभर उडाली. ज्ञानदा पदर नाकाशी धरून खोकत घरात गेली.

विनोदिनीबाई बांबूची केरसुणी घेऊन निघाल्या. उंबरा ओलांडला. भर दुपारी बोळात चिटपाखरू नव्हतं, खिडक्या मात्र सगळ्या अर्ध्या उघड्या. ‘इडा पिडा टळो.’ आजवर या शब्दांना त्या हसत आल्या होत्या. आज पुटपुटताना एक अक्षर गाळलं नाही. बोळाचं टोक वीस पावलांवर होतं.

“आई.”

त्या थांबल्या. वळायचं नव्हतं. वीसच पावलं.

“आई, लवकर या.”

आवाज ज्ञानदाचाच होता, पण खालून, फरशीला टेकून आल्यासारखा.

विनोदिनीबाई वळल्या आणि धावत घरात शिरल्या. केरसुणी तशीच हातात होती.