आरशाशेजारचं कात्रण

माफी असावी. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सहीपलीकडे काही लिहिलेलं नाही आणि माझ्याकडेही सांगण्यासारखं फार नाही. फक्त एकदा माझा फोटो पेपरात आला होता.

मुदखेडला माझ्या वडिलांचं, आप्पांचं, कटिंगचं दुकान आहे. त्यांना वाचता येत नाही. खुर्चीत बसण्याआधी गिऱ्हाइकानं पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, असा तिथला रिवाज. भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होतो. लातूरकडे दिलेल्या आत्याचं गाव गेलं, असं स्टेशनवरून कुणीतरी ऐकून आलं आणि घरात रडारड सुरू झाली. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकानं पेपरातून वाचलं, ते गाव उभं आहे. खरंच उभं होतं. तेव्हापासून पेपरात आलं की आप्पांसाठी विषय संपला.

जाहिरातीतले पानभर फोटो बघूनच त्यांनी मला लातूरच्या क्लासला घातलं. प्रवेशाला दोन फोटो मागितले. एक फॉर्मला चिकटवला. दुसरा कशाला, हे मी विचारलं नाही.

मेडिकलला नंबर लागला नाही. मी नांदेडला बीएस्सीला गेलो. पुढच्या वर्षी क्लासच्या जाहिरातीत ‘आमचे भावी डॉक्टर’ या ओळीखाली, तिसऱ्या रांगेत मी होतो.

शनिवारी घरी आलो तर कात्रण आरशाशेजारी चिकटवलेलं. मी म्हणालो, “आप्पा, हे खोटं हाय. माझा नंबर लागला न्हाई.”

ते वस्तऱ्याला धार लावत राहिले. “तुला कळवलं नसंल अजून. पेपरवाल्याला खोटं छापून काय मिळायचंय?”

खुर्चीत स्टेशनवरचा एक हमाल बसला होता. साबण लावलेल्या तोंडानंच म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आमची बी नाडी बघा की.” सगळे हसले. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यालो.

क्लासनं फसवलं ते कळत होतं. पण राग आला आप्पांचा. माझ्या तोंडच्या शब्दापेक्षा त्यांना तो कागद खरा वाटला. त्या रागात मी पुन्हा काही बोललोच नाही.

गेल्या आठवड्यात होस्टेलवर आप्पांचा फोन आला. आवाज खुशीत होता. त्या हमालानं पोरीला लातूरला त्याच क्लासला घातलं. जाताना कात्रण नीट सोडवून खिशात घेऊन गेला होता, तिथं दाखवायला. प्रवेश लगेच झाला. अडचण एवढीच आली की पोरीजवळ एकच फोटो होता, आणि तिथं दोन लागतात.