उजव्या डोळ्यातला ठिपका

तरुणपणी मी सूर्यग्रहण सासऱ्यांच्या छातीच्या एक्स-रेमधून बघितलं. सासूबाई म्हणत होत्या, घरात बस. पण मी पडले बी.एस्सी.! त्यांना विज्ञान शिकवून ऐटीत गच्चीवर गेले आणि सासऱ्यांच्या बरगड्यांमधून सूर्य न्याहाळत बसले. तेव्हापासून उजव्या डोळ्याच्या मधोमध काळा ठिपका आहे. डावा डोळा झाकला की समोरच्या माणसाचं नाक दिसत नाही... काहींच्या बाबतीत सोयच झाली.

सांगायचं कारण, भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. म्हणूनच हे लिहिताना धाकधूक होतेय.

माझी नात मुग्धा सूर्यातून येणारे कण शोधते. ते अजून कुणी पाहिलेले नाहीत. आहेत की नाहीत, तेही ठाऊक नाही. असलेच तर भिंतींतून, माणसांतून आरपार जातात, आणि विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचं कोडं त्यांच्यामुळे सुटेल म्हणे. परदेशात तिच्या लॅबमध्ये एक लांबलचक चुंबक उगवत्या सूर्याकडे रोखतात. त्यात कण शिरला तर त्याचा एक्स-रे होतो आणि स्क्रीनवर ठिपका उमटतो.

या हिवाळ्यात ती गोडदेवला आमच्याकडे राहून लॅपटॉपवरून लक्ष ठेवत होती. शेवटचेच दिवस होते. काही सापडलं नाही तर मशीन बंद, आणि तिची नोकरीही. पोरीचं जेवण तुटलं होतं.

तिकडे सूर्य उगवतो तेव्हा इकडे दुपार होते. मी तिच्या शेजारी मेथी निवडत होते. समोरची बिल्डिंग इतकी चिकटून आहे की हॉलमध्ये ऊन येतच नाही. तरी त्या काळ्या ठिपक्यात एकदम बारीकशी ठिणगी... मी म्हणाले, "चमकलं गं काहीतरी."

"आजी, गप ना जरा," ती म्हणाली — आणि स्क्रीनवर ठिपका उमटला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिने मला स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली. चमकलं की मी आतून हाक मारायचे, आणि बाहेर स्क्रीनवर ठिपका बघून तिची खुर्ची करकरायची. शेवटी तिने ओढणी सोडली आणि लगेच डॉक्टरांना फोन लावला.

मीरा रोडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. पडदा जागेवर, जुना डाग तेवढा. त्या जागी काही दिसणं शक्यच नाही म्हणाले. तिकडच्या टीमनेही निकाल दिला — असे तुरळक ठिपके चुंबक सूर्याकडे नसतानाही पडतात, त्यात काही अर्थ नाही. मशीन बंद झालं. मुग्धाने तिकडे माझं नाव काढलं नाही. काय सांगणार, आजीचा डोळा?

गेल्या आठवड्यात दुपारी कुकर लावताना पुन्हा चमकलं. आता पडताळून बघायला मशीनही नाही. हे काय आहे, मला आजही कळलेलं नाही. मुग्धा नवीन नोकरीसाठी अर्ज भरत बसली होती. तिला सांगितलं, तर तिने लॅपटॉप मिटला आणि माझ्या उजव्या डोळ्यात निरखून बघितलं. मग हळूच म्हणाली,

"आजी, हे कुणाला सांगू नकोस. पण चमकलं की मला सांगायचं थांबवू नकोस."