तापीच्या वाळूत अडकलेला बोल्ट

मोटारीला आंघोळ घालायची खोड माझीच. नंदुरबार ते शहादा मी सर्व्हिसची मोटार चालवायचो, तेव्हा तापीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाळूतून गाडी पलीकडे प्रकाशा गावाला काढायची. दर खेपेला मी धारेत थांबून बादलीने तिला न्हाऊ घाली. माणसं इथं पुण्यासाठी बुडी मारतात, मग मोटारीनेच काय घोडं मारलंय? उतारूही हात जोडत. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे त्या पुण्याने किती गंजताहेत, हे कुणी वाकून पाहिलं नाही. मीही नाही.

एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी मालकाने मोटार मला दिली. शहाद्याला दिलेल्या धाकट्या बहिणीला आणायला मी मुराळी म्हणून निघालो होतो. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि एकही आखाजी तिला माहेरची मिळाली नव्हती. सासूचा निरोप स्पष्ट होता: दिवस मावळायच्या आत या. तिन्हीसांजेला सून उंबरा ओलांडत नाही, आणि सणाला पितरांची घागर भरली की ती घरातून हलणार नाही.

ऊन कोवळं होतं. धार ओलांडून वाळूत चढतो तोच मागे कडाडलं. मुख्य पाटा मोडला होता. जुन्या गाडीचा एक पाटा मी सीटखाली बांधून ठेवलेला असे, त्यामुळे घाबरलो नाही. फळीवर जॅक लावला, गाडी उचलली. आता पाटा धरून ठेवणारा एक अंगठ्याएवढा बोल्ट काढला की झालं.

तो हलेना. मी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो. पाना निसटला, नटाचे कोपरे गोल झाले आणि मी तोंडावर आपटलो. मग हातोडी घेतली. बोल्टाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझा राग म्हणजे गवताचा जाळ, पण त्या दिवशी तो दुपारपर्यंत पेटलेला होता.

आवाज ऐकून प्रकाशाचा म्हातारा लोहार आला. वाकून त्याने बोल्टाला बोट लावलं, जिभेवर टेकवलं आणि हसला.

"तापीमायनं पानी पाजं, तू तेल कधी पाजं? गंजेल बोल्ट आन् रुसेल बायको, जोर करीसन ऐकतस का भो?"

त्याने मोहाच्या बियांचं घट्ट तेल आणलं, ऊन करून आट्यांवर सोडलं आणि मला गाडीखाली सावलीत बसायला सांगितलं. बोल्टाला पिऊ दे म्हणाला.

मी वाळूत आडवा झालो. डोक्यावर तेलाचा एकेक थेंब लोखंडातून वाट शोधत होता. पलीकडे डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या उन्हात विरघळून हलत होत्या, नदी आकाशात चढल्यासारखी दिसत होती. गावातून झोक्यावरच्या पोरींची गाणी यायची आणि वारा फिरला की मध्येच तुटायची. माझे डोळे मिटले. बहीण पाच वर्षांची झाली. आमच्या धानोऱ्याच्या चिंचेला झोका बांधलेला, मी ढकलतोय, ती वर जाते आणि परत यायला फार वेळ लावते. मी हात पुढे करून उभा आहे, ऊन तसंच आहे, आणि मला कसलीच घाई नाही. इतका सुखी मी जागेपणी क्वचितच झालो असेन.

लोहाराने पाय हलवून उठवलं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. "आधी आवय, मंग सोड," तो म्हणाला. सोडायचा बोल्ट आवळायचा? पण त्याने छिन्नीने गोल नटाला खाच पाडून तो केसभर आवळला, मग उलट ठोकला. कुर्रर्र आवाज झाला आणि तांबडं तेल ओघळलं. बोल्ट लोण्यातून यावा तसा आला. मी म्हाताऱ्याला मिठीच मारली. पाटा बसवला आणि मोटार हाकली ती अशी की कोंबड्या झाडावर चढल्या.

शहाद्याला पोचलो तेव्हा घराघरांत दिवे लागत होते.

बहीण दारातच होती, नवं लुगडं नेसून. सासू आतून म्हणाली, पाव्हण्याला पाणी दे. रागाने नाही, आणि त्यामुळेच मला कळलं की आता पुढल्या सालापर्यंत काही होणार नाही. बहिणीने तांब्या पुढे केला.

"दादा, इतला येळ काय करी ऱ्हायंता तू?"

"तापीवर बोल्ट अडकना व्हता."

"सकायपशी?"

"हां, सकायपशी."

तिने मोटारीकडे पाहिलं, मग माझ्या तेलकट पायांकडे. प्रकाशाहून शहादा चार कोस. चालत निघालो असतो तर दुपारच्या आत पोचून, तिला घेऊन निघालोही असतो. दिवसभरात हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बहिणीच्या सासरी मला मोटारीतूनच उतरायचं होतं.

"मी तुन्हासंगे पायी बी उनी असती रे दादा," ती म्हणाली, आणि नवं लुगडं बदलायला आत गेली.